मल्टीमीटर संगणकाला जोडून रीडिंगची नोंद कशी ठेवावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली येतात ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, म्हणून एका ठिकाणी घेतले आहेत. प्रत्येक उत्तर एकट्याने वाचले तरी चालेल. दुसऱ्या उत्तराची गरज असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्या मीटरला संगणक जोडता येतो का, हे कसे ओळखायचे?

मीटर उलटा करून मागची बाजू किंवा वरची कड पाहा. तिथे एखादी खाच आणि आत गडद रंगाची छोटी काचेसारखी खिडकी असेल, तर मीटर इन्फ्रारेड प्रकाशातून आकडे बाहेर पाठवतो. डिस्प्लेवर किंवा बटणाखाली ‘आरएस२३२’ (बिट एकामागून एक पाठवणारी जुनी सीरियल जोडणी), ‘यूएसबी’, ‘पीसी’ किंवा ब्लूटूथची खूण असेल, तरी सोय आहे असे समजा. बाजूला मिनी यूएसबीचे छिद्र दिसले म्हणून मात्र लगेच खूश होऊ नका. काही मीटरमध्ये ते फक्त चार्जिंगसाठी असते. यांपैकी काहीच नसेल तर प्रश्न २० पाहा.

२. मीटर मेन्सला लावलेला असताना लॅपटॉपला जोडला तर लॅपटॉप जळेल का? मला शॉक बसेल का?

मीटर आणि संगणक यांच्यात विद्युत अलगाव (वीज एकीकडून दुसरीकडे जाईल अशी जोडणी नसणे) असेल तर नाही. नसेल तर दोन्ही होऊ शकते.

कारण असे. मीटरची ‘कॉम’ ही जॅक (काळ्या प्रोबची, संगणकाच्या कॉम पोर्टशी तिचा संबंध नाही) आणि मीटरच्या आतले सर्किट एकाच व्होल्टेजच्या पातळीवर असतात. तुम्ही कॉमचा प्रोब फेजवर ठेवलात, तर मीटरचे अख्खे सर्किट फेजच्या पातळीवर जाते. संगणकाच्या यूएसबीचा ग्राउंड अनेकदा अर्थिंगला जोडलेला असतो. या दोन्हींमध्ये साधी तार आली की शॉर्ट झालाच. म्हणूनच चांगल्या हातातल्या मीटरमध्ये तारेऐवजी प्रकाश वापरतात: मीटरच्या आत इन्फ्रारेड एलईडी, केबलच्या टोकाला फोटोट्रान्झिस्टर (प्रकाश ओळखणारा भाग) आणि मध्ये प्लॅस्टिकची भिंत. मीटर उघडून आतल्या चिपच्या सीरियल पिनला थेट यूएसबी मॉड्यूल जोडण्याचे सल्ले सर्रास दिसतात. मध्ये ऑप्टोकप्लर किंवा डिजिटल आयसोलेटर (थेट तारेशिवाय सिग्नल पलीकडे नेणारा भाग) नसेल तर तसे करू नका, केलेच तर तो मीटर सेलवर चालणाऱ्या छोट्या सर्किटपुरताच ठेवा. ब्लूटूथमध्ये मध्ये तारच नसते, त्यामुळे अलगाव आपोआप मिळतो.

३. केबलचे प्रकार कोणते? कोणतीही केबल चालते का?

नाही. खाचेचा आकार, वेग आणि केबलमधली चिप कंपनीगणिक बदलते. मुख्य प्रकार तीन. पहिली जुनी नऊ पिनांची सीरियल केबल. तिला लागणारी वीज ती पोर्टच्याच रेषांतून घेते, आणि सर्वाधिक घोळ इथेच होतो (प्रश्न ५). दुसरी यूएसबी केबल, जिच्यात यूएसबी-सीरियल चिप असते. ती लावली की संगणकात नवा कॉम पोर्ट (सीरियल जोडणीचे संगणकातले नाव) दिसतो. तिसरी एचआयडी प्रकारची यूएसबी केबल. ही कीबोर्ड-माउसच्या जातीची असल्यामुळे वेगळा ड्रायव्हर लागत नाही, पण कॉम पोर्टही तयार होत नाही. यूनि-टी कंपनीची यूटी-डी०४ ही या जातीची. ‘केबल लावली पण कॉम पोर्ट दिसतच नाही’ अशी तक्रार असेल तर केबल खराब समजण्याआधी ती एचआयडी आहे का ते तपासा.

४. पहिल्यांदा जोडताना कोणत्या क्रमाने जावे?

प्रोब कशालाही न लावता सुरुवात करा.

१) केबल फक्त संगणकाला लावा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि कोणता कॉम क्रमांक नव्याने आला ते पाहा. केबल काढून पुन्हा लावली की क्रमांक जातो आणि येतो, म्हणजे चुकायची भीती नाही. लिनक्समध्ये ‘टीटीवाय यूएसबी शून्य’ अशा नावाचे साधन दिसेल.
२) केबलचे डोके मीटरच्या खाचेत बसवा. काही डोकी उलटी बसतात. मग एलईडीसमोर कोरे प्लॅस्टिक येते.
३) मीटर चालू करून डेटा पाठवणे सुरू करा. अनेक मीटरमध्ये एक बटण दोन सेकंद दाबून धरावे लागते आणि डिस्प्लेवर छोटी खूण उमटते. मीटर बंद करून चालू केला की ही खूण जाते.
४) साध्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये (पोर्टवर येते ते जसेच्या तसे दाखवणाऱ्या) पोर्ट उघडा आणि कच्चे बाइट येतात का तेवढेच पाहा. अर्थ नंतर लावू.
५) बाइट येऊ लागल्यावर एक ताजा दीड व्होल्टचा सेल मोजा. डिस्प्ले आणि पडदा यांवर एकच आकडा दिसला की मगच खऱ्या कामाला लागा.

चौथी पायरी गाळून लोक थेट लॉगिंगचे सॉफ्टवेअर उघडतात, आणि मग दोष केबलचा, पोर्टचा की सॉफ्टवेअरचा हे कळत नाही. ती पाच मिनिटे द्याच.

५. पोर्ट उघडतो, एरर येत नाही, पण एकही बाइट येत नाही. का?

आधी मीटर प्रकाश पाठवतो आहे का ते पाहा. केबल काढा, डेटा पाठवणे सुरू ठेवा आणि मोबाइलचा कॅमेरा त्या गडद खिडकीवर धरा. पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड गाळणी असू शकते, म्हणून सेल्फी कॅमेऱ्याने पाहा. ठिपका दिसला नाही तर मीटरने पाठवणे सुरूच केलेले नाही.

ठिपका आहे आणि तरी बाइट नाहीत, तर केबलला वीज मिळत नसते. सीरियल प्रकारच्या ऑप्टिकल केबलला डीटीआर रेषा चालू आणि आरटीएस रेषा बंद लागते (या पोर्टच्या दोन नियंत्रण रेषा): एकीतून धन आणि दुसरीतून ऋण व्होल्टेज घेऊन फोटोट्रान्झिस्टर चालतो. पायथन भाषेची पायसीरियल लायब्ररी (सीरियल पोर्ट हाताळणारा तयार कोड) पोर्ट उघडताना दोन्ही रेषा चालू करते. दोन्हींवर सारखेच व्होल्टेज आले की केबलसाठी ते शून्यच. पोर्ट उघडल्यावर आरटीएस बंद केलीत की आकडे लगेच वाहू लागतात. ही एक ओळ विसरल्यामुळे चांगल्या केबली फेकल्या जातात.

यूएसबीला नऊ पिनांचा अडॅप्टर लावून वर ही केबल वापरत असाल, तर काही अडॅप्टर या रेषांवर पुरेसे व्होल्टेज देत नाहीत. दोन्ही रेषांतले व्होल्टेज दुसऱ्या मीटरने मोजून पाहा. आणखी एक साधे कारण: काही मीटर विचारल्याशिवाय बोलत नाहीत. जुन्या मेटेक्स जातीच्या मीटरला ‘डी’ हे अक्षर पाठवावे लागते, तेव्हा तो १४ बाइटचे एक उत्तर देतो. फ्लूक २८९ या मीटरला ‘क्यूएम’ आणि एंटर पाठवावे लागते.

६. बाइट येतात, पण कचरा दिसतो. काही अंक बरोबर आणि काही चुकीचे, असे का?

सगळाच कचरा असेल तर बाऊड रेट (बिट पाठवण्याचा वेग) चुकला आहे. काही अंक बरोबर असतील तर पॅरिटी (चूक ओळखण्यासाठी जोडलेला जादा बिट) चुकली आहे, आणि ते नेमके ओळखता येते.

यूनि-टी यूटी६१ई घ्या. तो १९२०० बाऊड, ७ डेटा बिट, विषम पॅरिटी (१ असलेल्या बिटांची संख्या विषम ठेवणारी), १ स्टॉप बिट (बाइट संपल्याची खूण) असे पाठवतो. तुम्ही पोर्ट ८ डेटा बिट, बिनपॅरिटी असा उघडलात, तर बिटांची एकूण संख्या तीच राहते, म्हणून एरर येत नाही. पण पॅरिटीचा बिट आठवा डेटा बिट म्हणून वाचला जातो. ‘१’ या अंकाचा कोड हेक्स (सोळाच्या पायाच्या अंकांत) ३१. त्यात तीन बिट १ असतात, संख्या आधीच विषम, म्हणून पॅरिटी बिट ० आणि अंक जसाच्या तसा दिसतो. ‘०’चा कोड हेक्स ३०. त्यात दोनच बिट १, म्हणून पॅरिटी बिट १ लागतो आणि तुमच्याकडे हेक्स बी० पोहोचते. या हिशेबाने १, २, ४, ७, ८ नीट येतात आणि ०, ३, ५, ६, ९ बिघडतात. तुमच्या कचऱ्यात हाच नमुना असेल तर केबल ठीक आहे, फक्त सेटिंग बदला.

अधूनमधून एखादाच बाइट बिघडत असेल तर डोके सैल आहे का ते पाहा आणि मीटर थेट उन्हातून हलवा.

७. मीटर नेमके काय पाठवतो? ते १४ बाइट कसे वाचायचे?

हे मीटरच्या आतल्या चिपवर ठरते, वरच्या ब्रँडवर नाही. म्हणून दोन वेगळ्या नावांचे मीटर एकच भाषा बोलताना आढळतात.

एफएस९७२१ चिपचे मीटर २४०० बाऊड, ८ डेटा बिट, बिनपॅरिटी असे पाठवतात आणि आकडा न पाठवता डिस्प्लेचे चित्र पाठवतात: कोणता सेगमेंट (अंक घडवणारी रेघ) पेटला आहे, कोणता विझला आहे. प्रत्येक बाइटचा वरचा अर्धा भाग म्हणजे क्रमांक, १ पासून हेक्स ई पर्यंत. खालचा अर्धा भाग म्हणजे चार सेगमेंट. त्यामुळे प्रवाहात मध्येच घुसलात तरी क्रमांक १ येईपर्यंत थांबायचे आणि तिथून १४ मोजायचे. एखादा क्रमांक गाळला गेला तर ती पूर्ण चौकट (१४ बाइटचा एक संच) टाकून द्या. अर्ध्या चौकटीतून अंदाजाने आकडा काढला तर नोंदीत खोटा आकडा शिरतो, आणि तो नंतर सापडत नाही.

यूटी६१ईमध्ये पहिला बाइट रेंज (मोजण्याचा टप्पा), पुढचे पाच अंक, सातवा फंक्शन (काय मोजले जाते ते), नंतर ऋण चिन्ह, ओव्हरलोड, बॅटरी, एसी-डीसी यांचे बिट आणि शेवटी ओळ संपल्याच्या दोन खुणा असतात. दशांश चिन्ह वेगळे येत नाही. ते रेंजवरून ठरवावे लागते. म्हणूनच ‘आकडा बरोबर, पण दहापट’ असा दोष दिसला तर रेंजचा तक्ता तपासा.

एचआयडी केबलमध्ये हेच बाइट आठ-आठच्या पुडक्यांतून येतात. यूटी-डी०४मध्ये पुडक्याच्या पहिल्या बाइटचा खालचा अर्धा भाग सांगतो की पुढचे किती बाइट खरे आहेत. हेक्स एफ० म्हणजे पुडके रिकामे.

८. कोणते सॉफ्टवेअर वापरू?

मीटरसोबत आलेले सॉफ्टवेअर पहिल्या चाचणीला चांगले, कारण तिथे प्रोटोकॉलची (बाइटांच्या भाषेची) चूक संभवत नाही. रोजच्या कामाला सिग्रॉक हा प्रोग्रॅम घ्या. तो मुक्त आहे, शेकडो साधने ओळखतो, आणि त्याची कमांड लाइन आवृत्ती थेट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) लिहिते. अनेक उपकरणे एकाच वेळी नोंदवायची असतील तर टेस्टकंट्रोलर हा प्रोग्रॅम पाहा. स्वतः लिहायचे असेल तर पायथन आणि पायसीरियल पुरते: पोर्ट उघडा, चौकट जुळवा, ओळ लिहा.

जुने सॉफ्टवेअर पोर्ट सापडत नाही म्हणत असेल, तर कॉम क्रमांक पाहा. काही जुनी सॉफ्टवेअर कॉम १ ते ४ एवढेच दाखवतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ‘प्रगत’ सेटिंगमधून क्रमांक खाली आणता येतो. लिनक्समध्ये ‘परवानगी नाही’ असे आले, तर डेबियन-उबुंटूवर आपले खाते ‘डायलआउट’ गटात घाला आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा.

९. सेकंदाला किती रीडिंग मिळतात? मला मोटार सुरू होतानाचा करंट पकडायचा आहे.

हातातला मीटर साधारणपणे सेकंदाला २ ते ५ रीडिंग देतो. मोटारच्या सुरुवातीचा झटका त्याहून फार कमी वेळात संपतो, त्यामुळे हे काम मीटरचे नाही. ऑसिलोस्कोप (झटपट बदल आलेखात दाखवणारे यंत्र) आणि करंट क्लॅम्प (तारेभोवती अडकवायचा चिमटा) घ्या. मीटर मुद्दामच सावकाश असतो: तो काही काळाची सरासरी घेतो, आणि तो काळ २० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवला की मेन्सच्या विजेची ५० हर्ट्झची घरघर गळून जाते. बॅटरी उतरणे, तापमान चढणे, सोलर पॅनेलचे दिवसभराचे व्होल्टेज, अशा हळू चालणाऱ्या गोष्टींसाठी ही सोय अगदी योग्य आहे.

१०. फाइलमध्ये कोणते रकाने असावेत?

किमान पाच: तारीख-वेळ, सुरुवातीपासूनचे सेकंद, आकडा, एकक आणि खुणा (एसी-डीसी, ऑटो, ओव्हरलोड, बॅटरी कमी). नुसते आकडे साठवलेली फाइल दोन महिन्यांनी उघडली की ते व्होल्ट होते की मिलिव्होल्ट हे कोणीच सांगू शकत नाही. फाइलच्या पहिल्या ओळींत मीटरचे मॉडेल, रेंज, प्रोब कुठे लावले होते आणि कशासाठी हेही लिहा. प्रत्येक ओळ लिहिली की फाइल लगेच डिस्कवर ढकला. वीज गेली तर शेवटची एखादी ओळच जाईल. जागेची चिंता नको: सेकंदाला एक रीडिंग म्हणजे दिवसाला ८६,४०० ओळी, ओळ ३० बाइटची धरली तर सुमारे २.६ एमबी.

११. नोंदवलेली वेळ किती खरी?

बहुतेक मीटर वेळ पाठवत नाहीत. चौकट पोहोचल्यावर संगणक स्वतःची वेळ लावतो. २४०० बाऊडला १४ बाइट यायलाच सुमारे ५८ मिलिसेकंद लागतात, त्यात मीटरची सरासरी आणि यूएसबीचा विलंब. म्हणजे दशांश सेकंदाच्या पलीकडे विश्वास ठेवू नका. दुसरी अडचण अशी की संगणक इंटरनेटवरून घड्याळ जुळवतो तेव्हा वेळ पुढे-मागे उडी मारते. सुरुवातीपासूनचे सेकंद मोजायला न उडणारे मोनोटॉनिक घड्याळ वापरा. प्रश्न १०मधला दुसरा रकाना त्यासाठीच आहे.

१२. आलेखात आकडा एकदम हजारपट उडतो किंवा मध्ये खड्डा पडतो. का?

ऑटोरेंज. व्होल्टेज रेंजच्या काठावर आले की मीटर रेंज बदलतो, एकक मिलिव्होल्टचे व्होल्ट होते, आणि बदलताना एक-दोन रीडिंग गळतात. नोंद सुरू करण्याआधी सर्वांत मोठा अपेक्षित आकडा बसेल अशी रेंज हाताने पक्की करा. ते शक्य नसेल तर फाइलमध्ये सगळे मूळ एककात, म्हणजे व्होल्ट, अँपिअर, ओहममध्ये लिहा.

१३. ‘ओएल’ (ओव्हरलोड, म्हणजे आकडा रेंजबाहेर) आले की काय लिहू?

आकड्याचा रकाना रिकामा ठेवा आणि खुणेच्या रकान्यात ओव्हरलोड लिहा. शून्य लिहू नका, ९९९९९ही नको. शून्य हे खरे मोजमाप असू शकते, आणि मोठा आकडा सगळी सरासरी नासवतो.

१४. रात्रभर लावून ठेवले आणि सकाळी पाहतो तर नोंद मध्येच थांबलेली. काय झाले असावे?

शेवटच्या ओळीची वेळ पाहा. सुरू केल्यापासून नेमक्या १५ किंवा ३० मिनिटांनी थांबली असेल तर मीटर आपोआप बंद झाला. एखादे बटण दाबून धरून मीटर चालू केला की ही सोय बंद होते. कोणते बटण ते मॉडेलच्या पुस्तिकेत मिळेल. भलत्याच वेळी थांबली असेल तर संगणक झोपला: स्लीप आणि हायबरनेट दोन्ही बंद करा, लॅपटॉपचे झाकण मिटल्यावर काय करायचे तेही बदला. विंडोजमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापरात नसलेले यूएसबी साधन झोपवणारी सोय) हेसुद्धा बंद करा. मीटर चालू, संगणक जागा आणि फाइल मात्र थांबलेली असेल, तर केबल क्षणभर निसटून पोर्ट बंद पडलेला असतो. तुमच्या प्रोग्रॅमने दहा सेकंद काही आले नाही तर पोर्ट पुन्हा उघडावा.

१५. सेल किती तास पुरेल? बाहेरून वीज देऊ का?

नऊ व्होल्टच्या अल्कलाइन सेलची क्षमता ५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. मीटर ५ मिलिअँपिअर घेत असेल तर साधारण १०० तास. सेल उतरला की मीटर बंद पडण्याआधी चुकीचे आकडे दाखवू लागतो, म्हणून बॅटरीची खूण फाइलमध्ये असणे महत्त्वाचे. बाहेरून वीज द्यायची तर साधा अडॅप्टर लावू नका. त्याने प्रश्न २मधला अलगाव मोडू शकतो. मोठ्या क्षमतेचे सेल मीटरबाहेर डबीत बसवून तारा आत नेणे हा सरळ मार्ग. मात्र डबी आणि तारांचे इन्सुलेशन मोजणार आहात त्या व्होल्टेजला पुरणारे हवे.

१६. करंट तासन्‌तास नोंदवायचा आहे. १० अँपिअरची जॅक वापरू का?

मोठ्या करंटसाठी नको. बऱ्याच मीटरवर त्या जॅकजवळच १० सेकंदांची मर्यादा छापलेली असते. आतला शंट (करंट मोजण्यासाठीचा अगदी छोटा रोध) तापतो आणि आकडा सरकतो. बाहेरचा शंट घ्या आणि मीटर मिलिव्होल्टवर ठेवा. ५० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा शंट म्हणजे १.५ मिलिओहम. २० अँपिअरला तो ३० मिलिव्होल्ट देतो, आणि मीटर ०.०१ मिलिव्होल्ट दाखवत असेल तर सुमारे ७ मिलिअँपिअरचा फरक कळतो. मीटरच्या तारा शंटच्या छोट्या स्क्रूंना लावा, करंट नेणाऱ्या मोठ्या बोल्टना नाही. नाहीतर सांध्याचा रोधही मोजला जातो. सततच्या वापरात शंट त्याच्या रेटिंगच्या दोनतृतीयांशपर्यंतच चालवा.

१७. एकाच वेळी दोन मीटर जोडता येतात का?

येतात. अडचण ओळखीची असते: संगणक पुन्हा सुरू झाला की कोणता पोर्ट कोणत्या मीटरचा याची अदलाबदल होते. केबलमध्ये एफटीडीआय कंपनीची यूएसबी-सीरियल चिप असेल तर तिच्या अनुक्रमांकावरून पोर्ट ओळखा. सीएच३४० चिपला सहसा वेगळा अनुक्रमांक नसतो. तिथे यूएसबीच्या कोणत्या छिद्रात केबल आहे त्यावरून ओळखा आणि छिद्रावर चिकटपट्टी लावून नाव लिहा.

१८. फाइलमध्ये चार दशांश स्थळे आहेत, म्हणजे मोजमाप तितके अचूक ना?

नाही. मीटरची अचूकता ±(०.५% + २ अंक, म्हणजे शेवटच्या स्थानाचे दोन टप्पे) असेल, तर १२.०० व्होल्टला ०.०६ अधिक ०.०२, म्हणजे ०.०८ व्होल्टची चूक असू शकते: खरे व्होल्टेज ११.९२ ते १२.०८ यांमध्ये कुठेही. हजार रीडिंगची सरासरी काढली तरी ही चूक जात नाही, कारण ती दर वेळी एकाच दिशेला असते. मात्र त्याच मीटरवर, त्याच रेंजमध्ये १२.०० वरून ११.९० झाले, तर तो उतार विश्वासार्ह असतो. दीर्घ नोंदीत खोलीचे तापमान बदलते आणि आकडाही थोडा सरकतो, म्हणून तापमानाचा एक रकाना असेल तर उत्तम.

१९. एक्सेलमध्ये फाइल उघडली की सेकंद दिसत नाहीत, किंवा फाइल अर्धीच उघडते.

सेकंद फक्त दिसत नाहीत, गेलेले नसतात. रकान्याचे स्वरूप बदला. पण तशीच फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून जतन केलीत तर जे दिसते तेच लिहिले जाते आणि सेकंद कायमचे जातात. म्हणून मूळ फाइलला हात लावू नका, प्रतीवर काम करा. अर्धी उघडण्याचे कारण म्हणजे एक्सेलच्या १०,४८,५७६ ओळींची मर्यादा. सेकंदाला दोन रीडिंग घेतली तर सहा दिवसांत ती गाठली जाते. रोज मध्यरात्री नवी फाइल सुरू करा.

२०. माझ्या मीटरला कसलाच पोर्ट नाही. काही उपाय?

डिस्प्लेसमोर वेबकॅम बसवून चित्रातून अंक ओळखणारा प्रोग्रॅम चालवता येतो. मीटर आणि कॅमेरा दोन्ही घट्ट बसवा, प्रकाश बाजूने आणि स्थिर ठेवा, कारण काचेवरच्या चकाकीने ८चा ६ होतो. दशांश बिंदू सर्वांत आधी हरवतो, म्हणून रेंज पक्की करून तो प्रोग्रॅममध्ये स्वतः सांगा. यात अलगाव पूर्ण मिळतो, हा मोठा फायदा. मोजायचे फक्त काही व्होल्ट असतील, तर १६ बिटांचे एडीएस१११५ मॉड्यूल (व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणारे) आणि मायक्रोकंट्रोलर बरे पडते. त्याला अलगाव नसतो, मेन्सजवळ ते नेऊ नका.

२१. बेंच मीटरला (टेबलावर ठेवायच्या मीटरला) हेच सगळे लागू होते का?

थोडेच. तो यूएसबी, लॅन किंवा जीपीआयबीवरून (प्रयोगशाळेतल्या उपकरणांच्या जोडणीवरून) एससीपीआय या मोजमाप उपकरणांच्या प्रमाण भाषेतल्या आज्ञा समजतो. पायथनमध्ये पायव्हिसा लायब्ररी वापरा, आधी ओळख विचारणारी आज्ञा पाठवा आणि उत्तरात मॉडेलचे नाव आले की पुढे जा. एजिलंट ३४४०१ए आरएस२३२वर वापरत असाल तर दोन गोष्टी हमखास अडतात: केबल क्रॉसओव्हर (पाठवण्याची आणि घेण्याची तार अदलाबदल केलेली) लागते, आणि मोजण्याआधी मीटरला रिमोट अवस्थेत नेणारी आज्ञा द्यावी लागते. नाहीतर तो एरर दाखवून गप्प बसतो. त्यात सरासरीचा काळ १० पॉवर लाइन सायकल (मेन्सच्या विजेची आवर्तने) ठेवला, तर ५० हर्ट्झला २०० मिलिसेकंद आणि ऑटोझीरो (प्रत्येक रीडिंगला शून्य तपासण्याची सोय) चालू असल्यास त्याच्या दुप्पट वेळ प्रत्येक रीडिंगला लागतो. तुमचा टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा) त्याहून मोठा हवा.

२२. मीटर कायम लावून ठेवल्याने मोजली जाणारी गोष्टच बदलते का?

व्होल्टेजसाठी मीटरचा रोध बहुधा १० मेगाओहम असतो. १२ व्होल्टच्या बॅटरीतून तो १.२ मायक्रोअँपिअर ओढतो, त्याने काही बिघडत नाही. पण स्रोताचा स्वतःचा रोध १ मेगाओहम असेल तर आकडा सुमारे ९ टक्के कमी दिसतो. एक परीक्षा: तसाच दुसरा मीटर समांतर लावा. पहिल्याचा आकडा खाली आला, तर तुमचे सर्किट मीटरचा भार सोसत नाही, आणि मध्ये बफर अँप्लिफायर (सर्किटवर भार न घालता व्होल्टेज पुढे देणारा) घालायला हवा.